मदत हवी आहे : जुन्या स्वस्त भयपटांमधील विक्षिप्त गाणी

नमस्कार. १९५८ च्या ‘द ब्लॉब’ या अमेरिकी चित्रपटात माणसे गिळत सुटलेल्या लाल लगद्याची गोष्ट आहे. मात्र श्रेयनामावली सुरू होताच भीतीऐवजी सॅक्सोफोनची नाचरी, खट्याळ धून कानी पडते आणि मधूनमधून गालात बोट घालून झटक्याने बाहेर ओढल्यासारखा ‘टॉक्’ असा आवाज येतो. (आमच्या नातवाने तो अर्ध्या तासात आत्मसात केला.) हे गाणे बर्ट बॅकरॅक आणि मॅक डेव्हिड यांचे असून, गायकवृंदाचे ‘फाइव्ह ब्लॉब्ज’ (पाच ब्लॉब) असे भारदस्त नाव असले तरी सगळे आवाज बर्नी नी या एकट्या गायकाने एकावर एक ध्वनिमुद्रित केले होते.

मित्रमंडळींसाठी अशा गाण्यांची तासाभराची श्रवणबैठक योजली आहे. ‘द हॉरर ऑफ पार्टी बीच’मधील (१९६४) डेल-एअर्स या बँडचे ‘झाँबी स्टॉम्प’ आणि ‘द ग्रीन स्लाइम’चे (१९६८) शीर्षकगीत निवडले आहे. १९५० ते १९७० या काळातील, मुद्दाम विनोदी नसलेली, अशी आणखी कोणती गाणी घ्यावीत आणि त्यांच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या अधिकृत आवृत्त्या कोठे मिळतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे. केवळ वाद्यसंगीत नको, शब्द असलेलीच गाणी हवीत.