‘सराईत हाताला अंतर लागत नाही’ म्हणे!

इंदिरानगरकर: उड्डाणपुलावर ताशी ८० किमी वेगात पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवणे नवशिक्यांसाठी आहे, असे काल येथे एकाने लिहिले. ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. ओल्या रस्त्यावरचे तर विचारूच नका.

बावीस वर्षे स्टिअरिंगवर: तो ‘एक’ मीच. पुढची गाडी काय जागच्या जागी खिळते? तिलाही तेच ३५ मीटर लागतात, त्यामुळे उरतो फक्त माझा प्रतिक्रियेचा वेळ. तो दोन सेकंद नाही.

इंदिरानगरकर: ती उभ्या ट्रकवर आदळली, तर खिळतेच.

निवृत्त गुरुजी: भरलेली असो वा रिकामी, टायरची पकड सारखी असेल तर गाडी तेवढ्याच अंतरात थांबते, कारण सूत्रातून वस्तुमान निघून जाते. ‘जड गाडी थांबत नाही’ हा गैरसमज आहे.

पिंपळगावचा चालक: गुरुजी, हे फळ्यावर ठीक आहे. मी कांदा भरून वाशीला जात असे. कसाऱ्याच्या उतारावर एकदा वरच्या गिअरमध्ये निघालो आणि अर्ध्या घाटात ब्रेकचे ड्रम इतके तापले की पेडल दाबूनही गाडी धरेना. क्लीनरच्या तोंडचे पाणी पळाले. शिवाय एअर ब्रेकमध्ये हवा चाकापर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. तो तुमच्या सूत्रात कुठे आहे?

बावीस वर्षे स्टिअरिंगवर: आता बोला, गुरुजी!

निवृत्त गुरुजी: आपण टाळ्या वाजवू नयेत, कारण हे आपल्या बाजूचे नाही. चालकभाऊंचे मात्र मान्य करतो. घर्षणाच्या हिशेबातून वस्तुमान जाते, उष्णतेच्या हिशेबातून जात नाही. वजन दुप्पट झाले की ब्रेकना दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. तीस वर्षे मी पहिलाच भाग शिकवत आलो.

बावीस वर्षे स्टिअरिंगवर: बरे, ट्रकमागे ठेवतो दोन सेकंद, आपल्या समाधानासाठी. पण नाशिकच्या द्वारका चौकात अंतर सोडले की त्यात रिक्षा घुसते, त्याचे काय?

इंदिरानगरकर: पुन्हा तेवढेच मागे सरावे. दहा रिक्षा घुसल्या तरी आपले वीस सेकंद जातील. या धाग्यावर आपण कालपासून किती घालवलेत, ते मोजा.