कंबरेच्या गादीचं खापर घोडबंदरच्या खड्ड्यांवर का?

घोडबंदरकर
पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच रडगाणं: खड्डे आणि सरकलेल्या गाद्या. खड्ड्यांना शिव्या द्याव्या तेवढ्या थोड्याच, पण मणक्याची गादी त्यांनीच झिजते हे मला पटत नाही. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांचे एमआरआय ताडून पाहिले होते. एकाचा जन्म गाडी चालवण्यात गेलेला, दुसऱ्याचा नाही, तरी झिजेत फरक दिसला नाही. अशाच जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला.

आपल्या हातात उरतं काय? सिगारेट, वजन आणि बसून राहणं. मोठ्यांच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, शेजारच्या हाडातून झिरपेल त्यावर तिचं भागतं. धूम्रपानाने तेही आटतं. ऐरोलीच्या आयटी पार्कबाहेर टपरीवर धूर सोडत 'बैठ्या कामाने कंबर गेली' म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आणि ती एमआरआयची घाई! 2015 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार काहीही दुखत नसलेल्यांतही विशीत सुमारे 30 टक्के आणि पन्नाशीत 60 टक्के जणांना गादीचा फुगवटा असतो. रिपोर्ट वाचूनच निम्मे लोक आजारी पडतात.

रबाळे_शिफ्टवाला
साहेब, तुम्ही झिजेचं बोलताय, आम्ही दुखण्याचं. झीज फिल्मवर दिसते, कळ माणसाला येते. वाकून, वळून ओझी उचलणं आणि गाडीचे हादरे यांचा कंबरदुखीशी संबंध आहे, हे तुमच्या जुळ्यांनी खोडलेलं नाही. 'दर अर्ध्या तासाने उठा' हा सल्ला खुर्चीवाल्यांना. आमच्या लाइनवर उठायला सुपरवायझरची परवानगी लागते.

कळवा_पूर्व
मला ऑपरेशनबद्दल बोलायचंय. माझ्या मेहुण्याला सगळ्यांनी 'चाकू लावू नकोस' म्हणून थांबवलं. पायात मुंग्या होत्या, मग चप्पल पायातून निसटायला लागली, तरी पट्टा आणि मालिश चालूच. नेदरलँड्समधल्या 2007 च्या चाचणीत सायटिकावाल्यांचं (नस दबून कंबरेतून पायात कळ उतरते त्यांचं) लवकर ऑपरेशन केलं, तेव्हा आराम लवकर पडला. हातावर पोट असलेल्याला ते महिने परवडत नाहीत.

घोडबंदरकर
त्याच चाचणीत वर्षअखेर दोन्ही गटांची तब्येत सारखीच होती, तेही सांगा की! थांबलेल्यांपैकी वर्षभरात 39 टक्क्यांना ऑपरेशन लागलं, बाकीचे त्याविना सावरले. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर बरेचदा स्वतःच विरघळवतं. पण पाऊल लुळं पडणं, लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं, यात एक दिवसही काढायचा नाही. लघवी अडली तर रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. मेहुण्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर.

उपवन_चालणारी
आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची. फी शून्य!

फिजिओ_नौपाडा
लाथ नको, पायात कळ असेल तर अजिबात नको 😀 सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. झोपून राहिल्याने काही लवकर जात नाही. सोसेल तेवढं हिंडतं-फिरतं राहायचं. कुठलातरी एकच व्यायाम रामबाण नाही, रोज जमेल तो चांगला. माझं भांडण वेगळंच आहे: कळ थांबली की पेशंट गायब, आणि पुढच्या गणपतीत पाट उचलून परत दारात. शिफ्टवाले भाऊ, ओझं पोटाजवळ धरा, वळताना कंबर नाही, पाय फिरवा.

रबाळे_शिफ्टवाला
ओझं पोटाशी धरायला जागा हवी. आमचे रॅक डोक्यावर आहेत. ते खाली आणायला सांगणारा डॉक्टर भेटला तर पत्ता द्या, बाकी व्यायाम करतो.

घोडबंदरकर
रॅकचं मान्य. पण मधल्या सुट्टीतली बिडी?

रबाळे_शिफ्टवाला
त्यावर उद्या बोलू.