शांतताही रेकॉर्ड करावी लागते
संवाद नीट रेकॉर्ड झाले की साउंडवाल्याचं सेटवरचं काम संपलं, पुढचं एडिटिंगमध्ये बघता येतं, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. जे रेकॉर्डच केलं नाही ते एडिटर आणणार कुठून? कुठलीही खोली पूर्ण शांत नसते. एसीची घरघर, ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, बाहेरची रहदारी, काही ना काही असतंच. म्हणून सीन झाल्यावर सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून ३० ते ६० सेकंद त्या खोलीचा नुसता आवाज घेतात. त्याला रूम टोन म्हणतात.

मी एडिटिंगला असिस्टंट असताना एका एपिसोडमध्ये पॅकअपच्या घाईत तो घ्यायचा राहिला. दोन संवादांमध्ये जागा सोडली की एसीचा आवाज तुटायचा आणि कानाला एकदम खड्डा जाणवायचा. शेवटी नटांच्या वाक्यांमधले अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे शोधून जोडत बसलो. तोच तुकडा फिरून फिरून आला की ठेका ऐकू येतो, तो मोडायला आणखी वेगळे तुकडे. एका मिनिटाच्या कामापायी अख्खी रात्र गेली!