भूलशास्त्रातील निवासी डॉक्टरांचे काम
भूलशास्त्रात एमडी करताना तुलनेने कमी ताण असतो, कारण रुग्ण झोपला की काम संपते, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. 3 वर्षांच्या या प्रशिक्षणात रुग्णाला झोपवणे त्यामानाने लवकर जमते, पण त्याचा श्वास, रक्तदाब आणि तापमान सांभाळण्याची जबाबदारी खऱ्या अर्थाने त्यानंतरच सुरू होते.

श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी मास्कने सुमारे 3 मिनिटे शुद्ध ऑक्सिजन का द्यायचा, हे पुस्तकात वाचून कळते. मात्र निरोगी प्रौढाच्या बाबतीत त्यातून मिळणारी, श्वास थांबलेला असतानाही रक्तातील ऑक्सिजन टिकून राहण्याची काही मिनिटांची मुभा गरोदर स्त्री, स्थूल व्यक्ती किंवा तान्ह्या बाळाच्या बाबतीत किती झपाट्याने संपते, हे ऑक्सिजन घटल्याचे सांगणारा मॉनिटरचा सूर खाली उतरू लागला की उमगते. रात्रीच्या सिझेरियनमध्ये तर पाठीतून दिलेल्या भुलीमुळे आईचा रक्तदाब घसरतो, गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेवर येऊ नये म्हणून तिला किंचित डावीकडे कलते ठेवावे लागते, रक्तदाब वाढवणारे औषध सिरिंजमध्ये भरून ठेवावे लागते, आणि ती पूर्ण शुद्धीवर असल्याने तिच्याशी सतत बोलावेही लागते. हे बोलणे माझ्या मते कौशल्याचाच भाग आहे, आणि ते कोणी वेगळे शिकवत नाही याची मला खंत वाटते.

ही शाखा निवडणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयातील निवासी डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे की रात्री वरिष्ठ शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष हजर असतात, की केवळ फोनवर उपलब्ध असतात.