सायबर कारवायांत राखीव दलाच्या तुकडीचे नेमके काम काय?

प्रश्न: अमेरिकेच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात सायबर तुकड्या आहेत. एरवी खासगी कंपनीत नोकरी करणारा आणि ठरावीक दिवशी सरावाला जाणारा सैनिक अशा कारवाईत प्रत्यक्ष काय करतो आणि त्याला आदेश कोण देतो?

प्रतिसाद १: खरी गुंतागुंत आदेशाची आहे. गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, बोलावल्यास तुकडी राज्याच्या सेवेत असते आणि तिचे काम मुख्यतः बचावाचे राहते. मात्र संघराज्याच्या सेवेत दाखल करून घेतल्यावर तीच माणसे सायबर कमांडच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या सायबर युद्ध सांभाळणाऱ्या विभागाच्या, मोहिमांतही भाग घेऊ शकतात. जुलै २०१९ मध्ये लुइझियानातील शाळांच्या संगणकयंत्रणांवर हल्ला झाला, तेव्हा गव्हर्नरने आणीबाणी जाहीर करून गार्डची मदत घेतली होती.

प्रतिसाद २: प्रत्यक्ष काम अतिशय चिकाटीचे असते. बाधित संगणक नेटवर्कपासून तोडायचे, पण पुसून टाकण्याआधी त्यांतील नोंदींची प्रत जपायची, हल्लेखोर कोणत्या खात्यातून आत शिरला हे शोधायचे आणि बॅकअप स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच यंत्रणा पूर्ववत करायची. रोजच्या नोकरीत हेच करणाऱ्यांचा अनुभव इथे अमोल ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ३: एस्टोनियाने २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर आपल्या स्वयंसेवी संरक्षण दलात याच विचाराने सायबर विभाग उभारला. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: व्यापक हल्ल्यात त्याच तज्ज्ञाची गरज त्याच्या कंपनीलाही त्याच क्षणी भासेल, म्हणून कोणाला कधी मोकळे करायचे हे कंपन्यांशी आधीच ठरवून ठेवायला हवे.