पशुवैद्य होऊ इच्छिणाऱ्या अकरावीच्या मुलांना मार्गदर्शन कसे करावे?

प्रश्न : जीवशास्त्र शिक्षिका, इंदूर
सादर नमस्कार. माझ्या अकरावीच्या वर्गातील चौघांनी यंदा पशुवैद्य व्हायचे ठरवले आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. चौघांच्याही घरी कुत्रा किंवा मांजर आहे, पण गाय-म्हैस जवळून कोणीच पाहिलेली नाही. नीटच्या अभ्यासात खंड न पडता त्यांना या व्यवसायाची खरी ओळख कशी करून द्यावी, आणि दवाखान्यात त्यांना कितपत हात लावू द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, महू
ताई, मुलांना प्रथम गोठ्यात न्यावे. आपल्या भागात माळवी आणि निमाडी गाई आहेत, म्हशी आहेत, शेळ्या आहेत, आणि शिक्षणाचा मोठा भाग त्यांच्याभोवतीच फिरतो. पहिल्या दोन भेटींत मुलांनी फक्त पाहावे आणि मालकाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे, कारण "कालपासून रवंथ करत नाही" या एका वाक्यातच पुष्कळदा निम्मे निदान असते.

त्यानंतर मी त्यांना गाईच्या डाव्या कुशीतील खळग्यावर मूठ टेकवायला सांगत असे. निरोगी गाईचे कोटीपोट, म्हणजे पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, मिनिटातून साधारण एक-दोनदा हलते आणि ती लाट मुठीला जाणवते. एकदा एका मुलीने घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे हात न उचलता मोजले आणि हळूच म्हणाली, "सर, दोनदाच हलले." गाय खरोखरच आजारी होती, त्या मुलीच्या चिकाटीचे मला आजही कौतुक वाटते.

उपचार मात्र विद्यार्थ्यांच्या हाती कधीही देऊ नयेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. एखादे जनावर डोळ्यांदेखत दगावले, तर त्याच संध्याकाळी मुलांशी बसून बोलावे. हे काम मी कधीच दुसऱ्या दिवसावर ढकलले नाही.

उत्तर : पशुवैद्यक विद्यार्थिनी, महू
आमचे महाविद्यालय 1955 मध्ये सुरू झाले आणि आता ते जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठाशी संलग्न आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची इंटर्नशिप येते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, तरी 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या समुपदेशनाला वेगळा अर्ज करावा लागतो. नीट दिली म्हणजे झाले, अशा समजुतीत राहून मुले ही संधी गमावतात. आपण ही गोष्ट अकरावीतच सांगावी, ही विनंती. शिवाय एमबीबीएस हुकले म्हणून इकडे यावे, असे मुलांना कोणी सांगू नये, कारण मनापासून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षीच्या शरीररचनाशास्त्राच्या कष्टांतही टिकून राहतो.

उत्तर : एक पालक, इंदूर
माझी मुलगी गेल्या वर्षी अशा भेटींना जात होती. पालकांची लेखी संमती आधी घ्यावी आणि रेबीजच्या प्रतिबंधक लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गाय विताना किंवा गाभडताना मुलांनी वारेला उघड्या हाताने शिवू नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार होऊ शकतो. गोठ्यात आग्रहाने दिलेले कच्चे दूधही पिऊ नये. आमच्या मुलीला हा नकार देणे फार जड गेले, तेव्हा तिला घरून निघतानाच सांगून ठेवले की, "काका, उकळून द्या, आनंदाने घेईन," असे म्हणावे.