कावळा शिवणं आणि माहुली
कुणीतरी लिहिलंय की माणूस गेल्यावर ठेवलेल्या घासाला कावळा शिवावा म्हणून दोन तास ताटकळत बसणं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. असेल बाबा. पण आमची आजी गेली तेव्हा सावडायच्या दिवशी संगम माहुलीला, म्हणजे साताऱ्याच्या अगदी बाहेर कृष्णा वेण्णा मिळतात तिथं, असंच झालेलं, भात ठेवला, लाडू ठेवला, कावळे नुसते झाडावर. मामा म्हणला धाकटीच्या लग्नाचं मी बघतो, तरी नाय. मग काकीनं पिशवीतनं आजीची तपकिरीची डबी काढून ठेवली आणि दोन मिनिटात कावळा खाली. योगायोगच, मलापण कळतंय, पण तेवढ्यात जे सगळे एकदम रडले ते त्या तीन दिवसात पहिल्यांदाच.

आणि माहुलीला गेलात तर तिथली कुत्र्याची समाधी नक्की बघा (हो, कुत्र्याचीच). साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या, वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. महाराज १७४९ ला गेले, पण आमच्याकडची पोरं अजून आधी खंड्याचीच समाधी शोधत फिरतात.

तपकिरीची डबी काकीकडंच आहे, रिकामी, पण झाकण उघडलं की अजून शिंक येते.